शब्द नसलेली चित्रपुस्तकं हवीत, गाव सोडून निघालेल्यांची (बजेट १५०० रुपये)

रबाळे_रविवार

नमस्कार. दर रविवारी सकाळी मी रबाळ्याजवळच्या एका बांधकामाच्या लेबर कॅम्पवर मुलांना गोष्टी वाचून दाखवते. पत्र्याच्या खोल्यांमागे पाण्याच्या टाकीची सावली पडते, तिथे ताडपत्री टाकून बसतो. सध्या चौदा मुलं येतात, सहा ते अकरा वर्षांची. कलबुर्गीकडची कन्नड मुलं आहेत, काही तेलुगू, मालद्याचं एक मोठं बंगाली कुटुंब, तांड्यावरून आलेली दोन भावंडं घरात गोरमाटी बोलतात, आणि जालन्याची तीन मुलं मराठी. मी वाचायला लागले की जालन्याची तीन मुलं पुढे सरकतात. बाकीची अकरा माझ्या तोंडाकडे बघत बसतात. हिंदीतून सांगितलं तरी निम्म्यांचं तेच.

गेल्या महिन्यात एका पुस्तकात एक पान असं निघालं की त्यावर मजकूर नव्हता, नुसती रात्रीची आगगाडी. मालद्याची एक मुलगी तीन महिन्यांत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती, ती त्या पानावर पाच मिनिटं बोलली. बंगालीत. मला चारच शब्द कळले. पण शेजारच्या कन्नड मुलाने हवेत हात उंच करून दांडी धरल्याची खूण केली, तिने जोरात मान हलवली, आणि मग दोघं मिळून गाडीतली गर्दी दाखवायला लागले. तेव्हापासून डोक्यात आहे की शब्दच नसलेली पुस्तकं न्यावीत, आणि ती अशाच प्रवासाची असावीत.

अपेक्षा सांगते. घर सोडणं, वाट आणि पोचणं, हे त्यात हवं. 'शहरात आले आणि सगळं छान झालं' असा शेवट नको, ही मुलं ते खोटं लगेच ओळखतात. पण रात्री झोप उडेल असंही नको. पुस्तक चौदा जोडी हात सोसेल असं हवं. सगळे मिळून १५०० रुपये आहेत, ते मी आणि दोन मैत्रिणींनी काढलेत, त्यापुढे जमणार नाही.

पाचपाखाडी

एकच नाव घेतो. शॉन टॅन, 'द अरायव्हल', २००६. दुसरं काही बघू नका. माझ्याकडे पुठ्ठा बांधणीतली प्रत आहे. धाकटा मुलगा आठ वर्षांचा असताना घेतली, आता तो नोकरीला लागला तरी ती प्रत मी घराबाहेर जाऊ देत नाही. १२८ पानं, गोष्टीत एक शब्द नाही. सुरुवातीलाच छोट्या चौकटी आहेत: कागदाचा घडीचा पक्षी, घड्याळ, टोपी, स्वयंपाकाचं भांडं, लहान मुलाने काढलेलं चित्र, तडा गेलेली किटली. मग नवरा-बायको आणि बांधून ठेवलेली सुटकेस, तिच्यावर दोघांचे हात. मी १९९४ साली नांदेडहून ठाण्याला आलो. निघायच्या आदल्या रात्री घरातली भांडी मी अशीच एकेक करून बघितली होती, आणि ते मला या पुस्तकाने सोळा वर्षांनी आठवून दिलं. बजेट थोडं वाढवा.

रबाळे_रविवार

पाचपाखाडी दादा, मनापासून आभार. साधारण किती पडतं?

पाचपाखाडी

मी घेतलं तेव्हाची किंमत आता सांगून उपयोग नाही. पण हे एक घेतलंत तर बाकीची लागणार नाहीत.

नेरूळ_पूर्व

ताई, मागवायच्या आधी नाव दोनदा तपासा, माझी चूक तुम्ही करू नका. मला निर्वासितांच्या प्रवासाचं फ्रान्चेस्का सानाचं 'द जर्नी' हवं होतं, २०१६ चं. घरी आलं आरन बेकरचं 'जर्नी', २०१३ चं. त्यात एक एकटी पडलेली मुलगी लाल खडूने भिंतीवर दार काढते आणि त्या दारातून दुसऱ्या जगात जाते. त्याला एकही शब्द नाही, चित्रं डोळे दिपवणारी आहेत, पण ती मुलगी संध्याकाळी घरी परत येऊ शकते. तुमच्या मुलांच्या प्रवासात ते दार कुठून आणणार? आणि सानाचं पुस्तक जे मला हवं होतं त्यात शब्द आहेत. म्हणजे तुम्हाला दोन्ही चालणार नाहीत. दुकानदाराने परत घेतलं नाही, साडेसहाशे गेले.

वाचनवेडी_कळवा

माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. माझ्या दोन्ही नातवंडांना पाठ आहे. मराठीत इतकं गोड काम दुसरं नाही.

घोडबंदर_वाचक

मला एक कळत नाही. मुलं महाराष्ट्रात राहतात ना? मग शब्द काढून कशाला टाकायचे? मराठी पुस्तकं न्या, दोन महिन्यांत बोलायला लागतील. माझ्या वर्गात पण बाहेरची मुलं होती, सगळी मराठी शिकली. शब्दच नसतील तर ते वाचन कसलं? मी विरोधासाठी लिहीत नाही, मला खरंच वाटतं की आपण या मुलांना भाषा द्यायला हवी.

रबाळे_रविवार

वाचनवेडी ताई, ते पुस्तक माझ्याकडे आहे आणि मलाही फार आवडतं, पण त्यात शब्द आहेत. घोडबंदर दादा, दोन महिने मिळाले तर मी नक्की शिकवेन. स्लॅबचं काम संपलं की मुकादम त्यांना दुसऱ्या साइटवर हलवतो. मागच्या वर्षीच्या गटातलं एकही मूल आज इथे नाही.

चाकरमानी७२

बाहेरची मुलं हा शब्द टोचला म्हणून लिहितो. माझे आजोबा विजयदुर्गाहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. अंगावर एक सदरा, वळकटी, आणि आईने दिलेली कोकमं. त्यांना शहरातल्या पाट्या वाचता येत नव्हत्या. ट्रामवरचा नंबर ते चित्रासारखा लक्षात ठेवायचे. १९४७ च्या जुलैत रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली, त्यानंतर आजी आयुष्यभर बोटीत बसली नाही. शेवटपर्यंत गाव ते मुंबई यष्टीनेच. सगळ्यांच्याच घरात कुणीतरी असं उतरलेलं असतं. पुस्तकाचं मला काही सांगता येणार नाही, पण बोट असलेलं घ्या.

कोपरखैरणे_माथाडी

चाकरमानी काकांशी सहमत. आमचे वडील पाटण तालुक्यातून आले. आधी मशीद बंदर, मग बाजार इकडे आल्यावर तुर्भ्याचं मार्केट. एका गाळ्यात वीस-बावीस माणसं पाळीपाळीने झोपायची. भिंतीला एका ओळीत पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर गावाचं नाव, आणि पेटीतच त्याचं घर. पाचपाखाडी म्हणतात ते पुस्तक मी बघितलंय, मुलीच्या कॉलेजात होतं. त्यातल्या माणसाला एकट्याला खोली मिळते. ते बघून मी थांबलो, कारण आमच्याकडे एकटं कुणी कधी नव्हतं. एका खोलीत वीस माणसं दाखवणारं पुस्तक आहे का? असेल तर मला पण हवंय.

रेघोट्या

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, नौपाड्यात राहते. थोडं लांब लिहिते.

'द अरायव्हल' चांगलं का आहे ते सांगते. टॅनने त्या परक्या शहराची लिपीच नवी बनवली. पाट्या, नकाशे, कागदपत्रं, काहीच वाचता येत नाही. त्यामुळे वाचणारा कितीही शिकलेला असला तरी त्या पानांवर तो निरक्षर होतो. माणसाला खायला हवं तर तो वहीत पाव काढून दाखवतो, झोपायला जागा हवी तर पलंग काढतो. त्याला पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं आणि तो ती उलटी चिकटवतो, कारण त्या अक्षरांचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हेच त्याला ठाऊक नाही. हे एक चित्र मी वर्षानुवर्षं बघतेय. घोडबंदर दादांनी विचारलं, शब्द का काढायचे. याच्यासाठी. शब्द असते तर आपण त्या माणसाच्या पुढे निघून गेलो असतो, आपल्याला सगळं कळलं असतं आणि त्याला नाही. इथे आपल्याला त्याच्याइतकंच कळतं.

दुसरं, वेळ. प्रवास किती दिवस चालला हे लिहिता येत नाही, म्हणून त्याने समोरासमोरच्या दोन पानांवर ढगांच्या साठ छोट्या चौकटी काढल्या. प्रत्येक ढग वेगळा. डोळा त्या साठ चौकटींवरून फिरायला जो वेळ घेतो तोच समुद्र. बोटीतून उतरल्यावर डोळे-कान तपासतात, कोटाला चिठ्ठ्या लावतात, ते न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडच्या जुन्या फोटोंवरून आलंय. १८९२ ते १९५४ ते केंद्र चालू होतं आणि एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसं तिथून आत गेली. पुस्तकाच्या आतल्या मुखपृष्ठावर साठ चेहरे आहेत, पासपोर्टच्या फोटोएवढे. टॅनचे वडील १९६० साली मलायातून पश्चिम ऑस्ट्रेलियात गेले होते. चित्रांना त्याला चार वर्षं लागली, सगळं पेन्सिलचं काम.

आता तुमच्यासाठी. एका पानावर बारा-बारा चौकटी आहेत, चौदा मुलं एका वेळी बघूच शकणार नाहीत. तीन-तीनच्या गटाने दाखवा. माझी प्रत मी एका रविवारसाठी देते, आधी मुलांबरोबर बघा आणि मग पैसे खर्च करा. फाटली तरी चालेल.

पाचपाखाडी

मी सुरुवातीलाच हेच पुस्तक सांगितलं होतं.

कौसा_मास्तरीण

मी मुंब्र्याला उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवते. रेघोट्या ताईंचं सगळं पटलं, त्यात एक गोष्ट घालते जी मला वर्गात ठेच लागून कळली. चौकटींचं पुस्तक माझ्या मुलांनी उजवीकडून डावीकडे वाचलं. मला पंधरा मिनिटं पत्ताच नाही. त्यांच्या गोष्टीत बाप आधी परक्या शहरात होता, आणि दर पानाला थोडा थोडा घराकडे सरकत होता. एक मुलगा म्हणाला, ईद को आ रहा है. त्या मुलाचे वडील तेव्हा बाहेरदेशी होते. मी ती गोष्ट दुरुस्त केली नाही. तुमच्याकडे कुणी मदरशात जाणारं मूल असेल तर आधी बोटाने दिशा दाखवा, किंवा नका दाखवू, पण तुम्हाला ते माहीत असू द्या.

याच कारणाने मला जेनी बेकरचं 'मिरर' जवळचं वाटतं, २०१० चं. एकाच पुठ्ठ्यात दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडतात. सिडनीचं कुटुंब डावीकडून उजवीकडे, मोरोक्कोचं उजवीकडून डावीकडे. एका घरात गालिचा विणला जातो, तो दुसऱ्या घरात पोचतो. प्रवास माणसाचा नाही, गालिच्याचा आहे, आणि सुरुवातीला थोडा मजकूर आहे, गोष्टीत नाही. सगळी चित्रं खऱ्या कापड-मातीच्या तुकड्यांची चिकटवून केलेली आहेत. मुलं पानावरून बोट फिरवतात, खरंच कापड आहे का बघायला.

घणसोली_गावठाण

जेनी बेकरचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. तिचं 'विंडो' बघा, १९९१ चं. शब्द नाहीत. एकच खिडकी, आत एक तान्हं बाळ, बाहेर झाडी. पान उलटाल तसा मुलगा मोठा होतो आणि बाहेर रस्ता येतो, घरं येतात, मग इमारती. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात ते उघडून ठेवलेलं होतं आणि मी तिथेच उभा राहिलो. आमच्या आजोबांच्या खिडकीतून खाडी आणि भातशेती दिसायची. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या. आज त्या खिडकीतून समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसतं. आम्ही जागचे हललो नाही आणि आमचं गाव मात्र आमच्याकडून निघून गेलं. तुमच्या मुलांचे आईबाप जे टॉवर बांधतात ते आमच्याच शेतावर उभे राहतात ताई, हे मी रागाने लिहीत नाही. त्यांना पण कुठेतरी शेत होतं.

आणि पैशाचं म्हणाल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून शब्द नसलेली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, छापायची परवानगी पण असते. ऐरोलीत रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट करा.

नेरूळ_पूर्व

लॅमिनेट केलेली पानं उन्हात चकाकतात, चित्र दिसत नाही. मी करून बघितलंय, दोनशे रुपये फुकट गेले. आणि पुस्तक मागवताना नाव दोनदा तपासा, परत सांगते.

वाचनवेडी_कळवा

शब्द नसलेलं हवं हे आत्ता लक्षात आलं. मग प्रिया कुरियन यांचं 'अम्माचीज ग्लासेस' घ्या, चेन्नईच्या तूलिकाचं. आजीचा चष्मा हरवतो आणि ती घरभर घोळ घालते, एक शब्द नाही. परदेशी पुस्तकांच्या मानाने पुष्कळ स्वस्त. स्थलांतर नाही त्यात, पण आधी मुलांना शब्दांशिवाय वाचायची सवय तर लागू दे. पहिल्याच दिवशी एवढा जड विषय कशाला?

निवृत्त_ग्रंथपाल

बारकाईने वाचतोय, आता लिहितो. रबाळे ताई, तुमच्या मनात जे आलं ते एका बेटावर होऊन गेलं आहे. इटलीचं लाम्पेदूसा. हे बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे, त्यामुळे आफ्रिकेतून निघालेल्या होड्या तिथे लागतात. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याजवळ एक होडी बुडून साडेतीनशेहून जास्त माणसं मेली. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, आयबीबीवाय या बालपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एक काम हाती घेतलं होतं: देशोदेशीची शब्द नसलेली पुस्तकं जमवायची आणि त्या बेटावर वाचनालय उभं करायचं, म्हणजे बेटावरची मुलं आणि होडीतून आलेली मुलं एकाच पुस्तकावर वाकतील. ही संस्था १९५३ साली येला लेपमान या बाईंच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या स्वतः नाझी जर्मनीतून मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या, आणि युद्ध संपल्यावर त्याच देशात मुलांसाठी पुस्तकं जमवायला परत गेलेल्या.

त्यामुळे घोडबंदर साहेबांना नम्रपणे सांगतो, शब्द नसलेलं पुस्तक वाचणं हे वाचनच आहे. क्रम लावणं, कारण शोधणं, मागचं पान आठवून पुढचं समजणं, हे सगळं त्यात करावं लागतं. आपल्या शाळांत पहिलीला चित्रवाचन असतंच की. नंतर आपण ते सोडून देतो.

व्यवहाराचं: प्रत कोणतीही घ्या, पहिल्या दिवशीच जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घाला आणि कण्याला आतून कापडी पट्टी लावा. पुस्तक कण्यातून आधी जातं. मी सदतीस वर्षं पुस्तकं शिवली आहेत. आणि ठाण्यातल्या वाचकांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाला विसरू नये, १८९३ पासून उभं आहे, मी शाळकरी असल्यापासून तिथे जातो.

घोडबंदर_वाचक

ग्रंथपाल साहेब, लाम्पेदूसाचं मला माहीत नव्हतं. मुद्दा घेतो. तरी मराठी शिकवाच ताई, दोन्ही करा.

कोपरखैरणे_माथाडी

वीस माणसांच्या खोलीचं पुस्तक कुणाला आठवलं का?

रेघोट्या

माथाडी दादा, अगदी तसं नाही, पण चेन्नईच्या तारा बुक्सचं तेजूबेन यांचं 'ड्रॉइंग फ्रॉम द सिटी' बघा, २०१२ चं. राजस्थानातून निघालेल्या एका गायिकेने स्वतःचं आयुष्य काळ्या पेनाच्या ठिपक्या-रेघांनी काढलंय, मुंबईचा मुक्काम पण आहे त्यात. त्यांच्या चित्रात माणूस कधी सुटा नसतो. शब्द आहेत, त्यामुळे धाग्याच्या अटीत बसत नाही. भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' पण ताराचंच, २००४. पाटणगढचा गोंड चित्रकार लंडनला जातो आणि रोजची तीस नंबरची बस त्याला इमानी कुत्र्यासारखी दिसते. त्यातही शब्द आहेत, पण रबाळे ताई, शब्द झाकून चित्रं दाखवता येतील.

पाचपाखाडी

शब्द झाकून दाखवलं तर मुलं झाकलेल्या जागेकडेच बघणार. 'अरायव्हल'च घ्या.

रबाळे_रविवार

सगळ्यांचे आभार. रेघोट्या ताई, तुमची प्रत घ्यायला बुधवारी येते. आणखी एक विचारायचं होतं. पेरूच्या इसा वातानाबे यांचं 'मायग्रंट्स' कुणी पाहिलंय का, मूळ स्पॅनिश २०१९ चं? माझ्या भाचीकडे पुण्यात प्रत आहे, ती पाठवते म्हणाली. माणसांचे कपडे घातलेले प्राणी काळ्या रात्री पानं नसलेल्या झाडांमधून चालत निघतात. शब्द नाहीत.

रेघोट्या

पाहिलंय. रेखाटन म्हणून मी ते सगळ्यांत वर ठेवेन. पण त्या प्राण्यांच्या मागून मृत्यू चालतो, हाडांचा, आणि त्याच्याबरोबर एक मोठा निळा पक्षी. पुढे होडी येते, आणि सगळे पलीकडे पोचत नाहीत. मोठ्यांबरोबर बसून बघायचं पुस्तक आहे. सहा वर्षांच्या मुलांसमोर मी नेणार नाही.

निवृत्त_ग्रंथपाल

मीही नेणार नाही. आर्मिन ग्रेडरचं 'द मेडिटरेनियन' असंच, आणखी कठोर. सुरुवातीला एक वाक्य आणि मग बुडालेल्या माणसापासून मासे, माशांपासून जेवणाची टेबलं, तिथून शस्त्रं, युद्ध आणि पुन्हा होडी, असं चक्र आहे. ही पुस्तकं आपल्यासाठी आहेत, आपण झोपू नये म्हणून. मुलांना झोपू द्यावं.

वाचनवेडी_कळवा

नको गं बाई, हाडांचा सापळा मुळीच नको. माझी नात आठवडाभर दिवा लावून झोपेल.

चाकरमानी७२

होडी बुडणारं नको. मी बोट असलेलं म्हणालो होतो, बुडणारं नाही. आजीचं सांगितलंच आहे.

पाचपाखाडी

नको. एवढी माणसं नको म्हणतायत.

रबाळे_रविवार

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दोन रविवार दोन्ही पुस्तकं नेली. आधी 'द अरायव्हल', रेघोट्या ताईंनी सांगितलं तसं तीन-तीनच्या गटाने. उलटी पोस्टरं जालन्याच्या मोठ्या मुलीने ओळखली. लिपी कुणालाच येत नव्हती, पण पोस्टरवरून दुसऱ्या माणसाने बोट दाखवल्यावर ती म्हणाली, ह्यानं उलटं लावलं, आमच्या अण्णांनी पण बोर्ड उलटा लावला होता, साहेब ओरडला. ढगांच्या पानावर मात्र ती थांबली नाहीत, दोन सेकंदांत पान उलटलं. पाव काढून दाखवतो त्या पानावर फार वेळ गेला. एकूण तासभर मन लावून बघितलं सगळ्यांनी.

पण पहिल्या पानांवर एक प्रश्न आला तो शेवटपर्यंत हटला नाही. तेलुगू घरातला आठ वर्षांचा मुलगा, हिंदी बरी येते त्याला, त्याने विचारलं, बच्ची को क्यों छोड़ा? मी सांगितलं, नंतर बोलावणार आहे. तो म्हणाला, तो अभी खाना कौन बनाता है उसका? आणि सुटकेस एवढीच कशी, गोणी कुठे आहे, कढई कुठे आहे? बाकीच्यांनाही ते पटलं. या मुलांनी बापाला निरोप दिलेलाच नाही. ती स्वतः निघाली आहेत, आई-बाप, आजी, तान्हं भावंडं, चूल, कुणाकडे कोंबडी. त्या पुस्तकात मूल घरी वाट बघतं. माझ्यासमोरची मुलं वाटेत होती. कोपरखैरण्याच्या दादांनी एकट्या खोलीचं लिहिलं होतं तेव्हा मी ते नुसतं वाचून पुढे गेले होते, आता समजलं.

पुढच्या रविवारी 'मायग्रंट्स' नेलं. खूप भीत नेलं. आधी दोन आयांना दाखवलं, एकीने सगळी पानं बघितली आणि मान हलवून मुलांच्या हातात दिलं. चौदा मुलं एकदम बघू शकली, कारण प्रत्येक पान म्हणजे एकच मोठं चित्र आहे. कुणी न सांगता ती मोजायला लागली: मोठे किती, छोटे किती, गाठोडी कुणाकडे, कडेवर कोण. प्रत्येक पानावर पुन्हा मोजणी. मालद्याच्या मुलीने प्रत्येक प्राण्याला आपल्या घरच्या माणसाचं नाव दिलं. हाडांच्या आकृतीला तांड्यावरच्या धाकट्याने बघता बघता ओळखलं. तो म्हणाला, मुकादम. का, तर तो मागून चालतो आणि सगळे चालतायत ना ते बघतो. कुणी हसलं नाही, सगळ्यांना बरोबर वाटलं.

होडीनंतर मोजणी कमी भरली. दोनदा मोजली. मग कलबुर्गीच्या मुलीने पान मागे उलटून कोण नाही ते बोटाने दाखवलं, आणि मोठ्यांनी लहानांना जवळ घेतलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि त्यांना माझी गरजही नव्हती. मग धाकट्याने पुस्तक पहिल्यापासून मागितलं. चार वेळा बघितलं त्या दिवशी. पुढच्या रविवारी मी आयांना विचारलं, रात्री कुणी घाबरून उठलं का. कुणी नाही.

म्हणून मी तेच घेतलं. तुम्ही सगळे नको म्हणालात आणि तुमच्या काळजीचं मला मोल आहे, पण ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांनी ते निवडलं. उरलेल्या पैशांत वाचनवेडी ताईंनी सांगितलेलं आजीच्या चष्म्याचं पुस्तक, आणि ग्रंथपाल काकांनी सांगितलेलं जाड प्लास्टिक आणि कापडी पट्टी. एकूण १४६० झाले.

पाचपाखाडी

माझं मत बदललेलं नाही. पण कढई कुठे आहे हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता. मी पण १९९४ ला बायको-मुलाला गावीच ठेवून आलो होतो, दोन वर्षं.

रेघोट्या

मी चुकले असं म्हणणार नाही, दुसऱ्या मुलांसमोर मी अजूनही नेणार नाही. पण मोजणी वाचल्यावर माझी 'मायग्रंट्स'ची प्रत काढून बसले आणि मी पण मोजली. 'अरायव्हल' परत करायची घाई करू नका.

निवृत्त_ग्रंथपाल

कापडी पट्टी लावताना खळ वापरा, फेव्हिकॉल कडक होतो आणि कणा तडकतो.

नवी_सभासद_वाशी

लहान मुलांसाठी 'राधाचं घर' चांगलं आहे, कुणी सुचवलं का माहीत नाही.

रबाळे_रविवार

आणखी एक विनंती. इथला शेवटचा स्लॅब दिवाळीपर्यंत पडेल. मुकादम म्हणतो, सहा घरं तळोज्याच्या साइटवर जाणार, मालद्याचं कुटुंब त्यातच आहे. तेवढ्या लांब मला दर रविवारी जमणार नाही. खारघर-तळोजा बाजूला राहणारं आणि रविवारी सकाळी दोन तास देऊ शकणारं कुणी आहे का? बंगाली यायची गरज नाही. पुस्तक मी त्यांच्याबरोबर पाठवते आहे, इथल्यांसाठी भाचीची प्रत आहे.

घोडबंदर_वाचक

माझी बहीण खारघरला सेक्टर ३५ मध्ये राहते, मी बहुतेक रविवारी तिथेच असतो. साइटचा पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवा. मी येतो.